ढेकळांतून चालवून बघा : सगळ्या बर्फांवर चालणारी एकच स्की कशी पारखावी

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, बैल बघायला जायचे तेव्हा मी त्यांचं बोट धरून असायचो. दात, खुरं, खांदा एवढं बघून झालं की ते विकणाऱ्याला म्हणायचे, "पाव्हणं, जरा त्या नांगरटीतनं चालवून दावा." बाजारातल्या कडक, सपाट जमिनीवर कोणताही बैल ऐटीत चालतो. ढेकळांत पाय पडला की मान कुठं जाते, जोडीदाराला हिसका बसतो का, थांब म्हटल्यावर थांबतो का, हे तात्यांना बघायचं असायचं.

मी मात्र माझी पहिली स्कीची जोडी नेमकी उलट्या पद्धतीने घेतली. गुलमर्गला रात्रभर बर्फ पडून गेलेल्या एका सकाळी ओळखीच्या एकाने त्याची ११५ मिलिमीटर रुंदीची स्की वापरायला दिली. गुडघाभर मऊ बर्फात ती होडीसारखी तरंगली. दोन फेऱ्यांत मी ठरवून टाकलं आणि तसलीच जोडी घेतली. पुढच्या हंगामात दहा दिवसांपैकी मऊ बर्फ मिळाला जेमतेम दीड दिवस. उरलेले दिवस टणक, वाऱ्याने घासलेला, दुपारपर्यंत तुडवून टाकलेला बर्फ. त्यावर ती रुंद जोडी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरवता फिरवता माझे गुडघे आतल्या बाजूने ठणकायला लागले. जोडीत खोट नव्हती. मी तिला नांगरटीतून चालवून बघितलं नव्हतं, एवढंच.

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरकडून आता बरीच मंडळी गुलमर्गला स्की शिकायला जातात. पहिला आणि दुसरा कोर्स झाला, दोन्ही स्की समांतर ठेवून वळता यायला लागलं, गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यावरून न थांबता खाली येता यायला लागलं, की भाड्याच्या जुन्या जोड्यांचा कंटाळा येतो आणि स्वतःची घ्यावी असं वाटतं. आपल्याला वर्षात आठ-दहा दिवसच बर्फ मिळणार आणि दोन-तीन जोड्या घेणं परवडणार नाही. तेव्हा एकीनेच सगळं निभवायचं आहे. ती एक जोडी कशी निवडायची, ते इथं सांगतो.

आधी जात ओळखा

आपल्याकडे लाल कंधारी ही ओढकामाची जात, आणि देवणी दुधालाही चालते आणि औतालाही. स्कीमध्येही असंच आहे. दाबून सपाट केलेल्या उतारासाठी कंबर, म्हणजे बुटाखालची मधली रुंदी, ६५ ते ८० मिलिमीटर असलेली अरुंद स्की असते. ती टणक बर्फात कड रुतवून वळते आणि खोल बर्फात गेली की बुडते. निव्वळ पावडरसाठी, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी, ११० च्या वरची रुंद स्की असते. ती तरंगते, पण टणक उतारावर जड जाते. ज्या जातीला 'ऑल-माउंटन फ्रीराइड' म्हणतात ती या दोन्हींच्या मधली, देवणीसारखी. दोन्ही कामं करते, आणि दोन्हींत थोडी थोडी मागे राहते. दुकानदार जर म्हणाला की ही सगळीकडे अव्वल आहे, तर त्याचं ते म्हणणं बाजूला ठेवा. आपल्याला बघायचं आहे ती कुठं मागे राहते ते, आणि तिथलं मागे राहणं आपल्या पायांना झेपतं का ते.

गुलमर्गचा बर्फही समजून घ्या. आपण पाऊस नक्षत्रांवर मोजतो, तसे काश्मिरी लोक थंडी मोजतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. चांगला कोरडा बर्फ बहुतेक या काळात पडतो. पण मृग जसा कधी दगा देतो, तसं तिथंही होतं. २०२४ चा जवळपास सगळा जानेवारी गुलमर्ग कोरडं होतं, बर्फाच्या जागी वाळकं गवत दिसत होतं. मार्चमध्ये दिवसा ऊन लागून बर्फ वितळतो आणि रात्री त्यावर कडक पापुद्रा धरतो. शिवाय गोंडोलाचा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरपर्यंत, अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत नेतो. तिथल्या उघड्या कड्यांवर वारा बर्फ घासून टणक करतो, तर खाली झाडांत तोच बर्फ मऊ राहिलेला असतो. म्हणजे एकाच फेरीत तीन-चार प्रकारची जमीन पायाखालून जाते.

कागदावरचे आकडे वाचायला शिका

प्रत्येक स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा १३२-१००-१२२. टोकाची, कमरेची आणि शेपटाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आपल्यासाठी मधला आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. माझा कौल ९५ ते १०२ ला. कारण साधं आहे. स्की जितकी रुंद तितकी तिची कड बुटाच्या मध्यरेषेपासून लांब. टणक बर्फावर स्की कडेवर उभी करायला मग पायाला जास्त जोर लागतो, आणि तो जोर गुडघ्यातून जातो. १०५ पर्यंत तरणी मजबूत माणसं निभावून नेतात. त्याच्यावर गेलात तर माझ्यासारखे गुडघे धरून बसाल.

त्याच्या शेजारी वळणाची त्रिज्या लिहिलेली असते, मीटरमध्ये. १२-१३ मीटर म्हणजे स्की आपणहून आखूड वळणं घेणार. १६ ते १९ हा आपल्या कामाचा पल्ला. २२ च्या वर गेली की तिला मोकळा डोंगर आणि वेग दोन्ही लागतात. झाडांत ती अडते.

आता आकार, कारण स्कीवरचे आकडे सारखे असूनही दोन जोड्या अगदी वेगळ्या चालतात त्या याच्यामुळे. जोडीचे दोन्ही तळ एकमेकांना टेकवून उभे धरा आणि बाजूने उजेडाकडे बघा. मध्ये, बुटाखाली, फट दिसली तर तो कॅम्बर. स्कीवर उभं राहिलं की ही कमान दबते आणि दोन्ही कडा बर्फाला लागतात, म्हणून टणक बर्फावर पकड येते. टोकाकडे दोन्ही तळ लवकर एकमेकांपासून दूर व्हायला लागले तर तो रॉकर. त्यामुळे टोक मऊ बर्फावर चढतं आणि ढेकळात अडकत नाही. हा उलटा आकार पहिल्यांदा पूर्ण धाडसाने आणला तो शेन मॅककॉन्की या स्कीपटूने. त्याच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची 'स्पॅट्युला' २००२ मध्ये बाजारात आली. ती पाण्यावरच्या स्कीसारखी तळातून फुगीर होती, खोल बर्फात अजोड आणि टणक बर्फावर जवळजवळ बिनकामाची. आजची बहुउपयोगी स्की म्हणजे तिची आणि जुन्या कमानदार स्कीची तडजोड आहे. आपल्याला हवं ते असं : टोकाला लांब, हलका रॉकर, बुटाखाली स्पष्ट कॅम्बर, आणि शेपटाला थोडासाच उठाव. शेपूट फार उचललेलं असेल तर वळण संपताना आधार मिळत नाही, पाठीमागे टेकायला गेलं की जमीनच नाही असं वाटतं.

पोटात काय आहे तेही विचारा. आत लाकूड असतं, बहुतेक पॉप्लर, बीच किंवा पॉलोनिया. पॉलोनिया हलकं, बीच जड आणि भरीव. लाकडावर काही जोड्यांत धातूचे पत्रे असतात. हॉवर्ड हेड यांनी १९५० मध्ये ऍल्युमिनियमचे पत्रे घातलेली स्की बाजारात आणली तिथपासून हा प्रकार चालत आला आहे. आज त्याला टायटॅनल म्हणतात. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण तो ऍल्युमिनियमचाच मिश्रधातू आहे. धातूने स्की जड आणि शांत होते, टणक बर्फावर थरथरत नाही. नॉर्डिकाच्या एन्फोर्सर १०० मध्ये असे दोन पत्रे आहेत. ऍटॉमिकच्या बेंट १०० मध्ये एकही नाही, म्हणून ती हलकी, खेळकर, आणि वेगात थोडी उडती. सॅलोमनची क्यूएसटी ९८ या दोन्हींच्या मधल्या स्वभावाची. ही तीन नावं मी टोकं दाखवायला घेतली, हीच घ्या असं नाही.

इथं एक गोष्ट आपल्या माणसांनी जरूर लक्षात घ्यावी. या जोड्यांबद्दल जे लोक लिहितात-बोलतात ते बहुतेक ८०-८५ किलो वजनाचे, वर्षाला साठ-सत्तर दिवस बर्फावर असणारे. माझं वजन ६४ किलो. धातूचे दोन पत्रे असलेली, एका पायाची दोन किलोच्या वर जाणारी स्की वाकवायला जे वजन आणि जो वेग लागतो तो माझ्याकडे नाही. न वाकलेली स्की वळत नाही, ती सरळ निघते. तुमचं वजन ७० च्या आत असेल तर एका पायाचं वजन १,७०० ते १,९०० ग्रॅमच्या दरम्यान आणि धातू असलाच तर बुटाखालच्या भागात थोडा, एवढं पुरे. १,५०० च्या खालच्या स्की चढून जाणाऱ्यांसाठी असतात. तुडवलेल्या बर्फात त्या पत्र्यासारख्या खडखडतात.

लांबी : रॉकर असलेली स्की बर्फावर जितकी टेकते त्यापेक्षा लांब दिसते, म्हणून उंचीइतकी किंवा पाच-सात सेंटीमीटर जास्त. वजन कमी असेल तर उंचीइतकीच.

स्कीच्या आधी बूट

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. भाड्याच्या ढिल्या बुटांत स्की पारखणं म्हणजे जू सैल ठेवून बैल जोखणं. पाय आत हलला की स्कीपर्यंत हुकूम उशिरा पोचतो, आणि दोष मात्र स्कीला लागतो. पैसे थोडेच असतील तर यंदा बूट घ्या आणि स्की पुढच्या वर्षी.

अनवाणी शेतात वाढलेल्या आपल्या पायांचे पंजे पसरट असतात. बुटाची पंज्याजवळची आतली रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ९८ म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ ते १०४ ऐसपैस. पंजा रुंद आहे म्हणून एक माप मोठा बूट घेऊ नका. लांबी बरोबर ठेवून रुंदी वाढवा. आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा, आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. एक ते दोन बोटं शिरली तर ठीक, तीन शिरली तर तो बूट तुमचा नाही.

दुकानात हाताने

हे काम दहा मिनिटांचं. एका डोळ्याने टोकापासून शेपटापर्यंत बघा, चारपाईचा पाय सरळ आहे का बघतो तसं. पीळ दिसला तर परत ठेवा. शेपूट जमिनीवर टेकवून एका हाताने टोक धरा आणि दुसऱ्या हाताने मध्ये दाबा. टोक मऊ, मध्य ताठ, शेपूट टोकापेक्षा जरा ताठ, असा वाक एकसारखा वाढत गेलेला हवा. एखाद्या जागी एकदम मोडल्यासारखा वाकत असेल तर ते चांगलं लक्षण नाही. मग टोक दोन्ही हातांत धरून पिळून बघा. सहज पिळलं जात असेल तर टणक बर्फावर कड सुटणार.

जुनी जोडी असेल तर तळावर आडवी पट्टी ठेवून उजेड बघा. मध्ये उजेड दिसला, म्हणजे तळ झिजून कडा उंच राहिल्या आहेत, तर ती स्की रुळावर चालल्यासारखी चालेल, वळायला ऐकणार नाही. कडेवर नखाची पाठ हलकेच ओढा. नख खरवडलं गेलं पाहिजे, पण कुठं अडकता कामा नये. जिथं अडकतं तिथं दगड लागून धातू वर आलेला असतो. गुलमर्गच्या एका दुकानातून मी चाचणीसाठी घेतलेल्या जोडीच्या उजव्या कडेला असा एक काटा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. उजवीकडे वळताना प्रत्येक वेळी स्की हिसडा मारायची. दोन दिवस मी त्या स्कीच्या नावाने वहीत वाईट लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने हातमोजा काढून कडेवर अंगठा फिरवला, खिशातून छोटा घासदगड काढून दोनदा घासला, आणि तीच जोडी शहाण्यासारखी चालायला लागली. तेव्हापासून कुठलीही जोडी पायात घालण्याआधी मी चारही कडांवरून नख फिरवतो.

बर्फावर : चाचणीचा क्रम

गुलमर्गच २,६५० मीटरवर आहे आणि आपण येतो साडेतीनशे ते सहाशे मीटरवरून. पहिल्या दिवशी दम लागतो, डोकं जड होतं, त्या दिवशीचं कोणतंही मत धरू नका. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करा. दिवसाला दोनच जोड्या, फार तर तीन. बूट तेच, उतार तोच, आणि शक्य तर एकाच तासात. सकाळी एक जोडी आणि दुपारी दुसरी असं केलं तर तुम्ही जोड्या नाही, सकाळ आणि दुपार तपासताय.

सुरुवात सपाटीवर. दोन्ही पायांनी रेटत पन्नास पावलं चाला. वजन इथंच खरं कळतं, कागदावर नाही. मग हलक्या उतारावर आडवं उभं राहून नुसतं घसरत खाली या, मध्ये थांबा, पुन्हा घसरा. एकसारखी घसरत असेल तर कडा ठीक आहेत.

मग सकाळचा टणक, सपाट केलेला उतार. आधी मध्यम वेगाने सहा-सात वळणं, मग वेग वाढवा. तीन गोष्टी लक्षात ठेवा : वळणाला सुरुवात केल्याबरोबर टोक ओढ घेतं की तुम्हाला ढकलावं लागतं, वळणाच्या मध्यभागी बुटाखाली पकड राहते की शेपूट सुटतं, आणि वेग वाढल्यावर टोकं फडफडतात का. रॉकरची टोकं थोडी फडफडतातच, डोळ्यांना दिसतात. ती फडफड पोटरीपर्यंत जाणवली तरच काळजी करा.

आता खरी परीक्षा, म्हणजे नांगरट. दुपारी दीड-दोनच्या सुमारास, पहिल्या टप्प्याच्या आजूबाजूला सकाळपासून शेकडो माणसं उतरून गेलेली असतात. बर्फाची ढेकळं झालेली असतात, काही मऊ, काही आतून टणक, मध्ये मध्ये घासून निघालेली चकाकती जागा. काळ्या रानात वाफसा नसताना औत घातल्यावर जसं होतं, अगदी तसं. वरून बघताना कुठलं ढेकूळ मऊ आणि कुठलं कडक ते कळत नाही. इथं चार फेऱ्या मारा, तीन नाही. पहिल्या दोन ताज्या पायांनी, उरलेल्या दोन मांड्या भरून आल्यावर. देवगिरीच्या पायऱ्या उतरताना शेवटी गुडघ्याच्या वर जो ताण येतो, तो आल्यावर.

ताज्या पायांनी आपण स्कीच्या चुका झाकतो, आपल्याला न कळत. दमल्यावर झाकता येत नाही. माझ्या चाचणीत एक जोडी होती, जड, धातूची. पहिल्या दोन फेऱ्यांत ती ढेकळं फोडून सरळ गेली, मला वाटलं हीच घ्यायची. चौथ्या फेरीला माझं वजन जरा मागे गेलं आणि तिने मला घेऊन पळ काढला. मी वळवायला बघत होतो आणि ती उतार धरून चालली होती. दुसरी जोडी हलकी होती. ढेकळांवर आपटत होती, तळव्यांना प्रत्येक धक्का कळत होता, पण मी मागे गेलो तरी तिने सांभाळून घेतलं. टोकं बाजूला फेकली गेली तरी परत जागेवर आली. मी घेतली ती दुसरी. माझ्या वजनाला आणि माझ्या दहा दिवसांना तीच बरोबर होती. तुम्ही ८५ किलोचे असाल आणि मांड्या तालमीच्या असतील तर पहिली घ्या, आणि ते तुमच्यासाठी बरोबर असेल.

त्याच्यानंतर पापुद्रा. वरून कडक, आतून पोकळ बर्फ. पाय ठेवला की आधी धरतो आणि मग फुटतो. यात कुठलीच स्की सुखाने चालत नाही, त्यामुळे इथं एवढंच बघायचं की टोक पापुद्र्याखाली शिरतं की वर येतं. टोक खाली शिरून अडकलं की माणूस पुढे पडतो आणि गुडघा पिळला जातो. अशी जोडी बाकी सगळीकडे कितीही गोड चालली तरी मी ती घेत नाही. ही परीक्षा हळू वेगात आणि सोबत कुणी असतानाच करा.

झाडांतल्या आखूड वळणांसाठी वेगळी फेरी लागते. फरच्या दोन झाडांमध्ये वळायचं असतं तेव्हा शेपूट चटकन मोकळं होतं का ते बघा. लांबी पाच सेंटीमीटर जास्त झाली असेल तर ती इथं कळते.

पावडर शेवटी. मिळाली तर. ९८-१०० ची जोडी मांडीभर बर्फात ११५ सारखी तरंगणार नाही, थोडा वेग ठेवावा लागतो आणि वजन मध्यावर. तेवढं जमलं तर तिच्याकडून आणखी मागू नका. त्या सकाळच्या आनंदात निर्णय घ्यायचा नाही, हे मी पैसे घालवून शिकलो आहे.

एक गोष्ट चाचणीची नाही पण त्याहून मोठी आहे. दोरी लावून राखलेल्या उताराच्या बाहेर, अफरवटच्या मोकळ्या बाजूंना, हिमस्खलनाचा धोका खरा आहे. नवीन स्की पायात आहे म्हणून तिकडे जायचं नाही. गुलमर्गचं गस्तीपथक धोक्याची रोजची पातळी सांगतं, ती सकाळी वाचा. बाहेर जायचंच असेल तर स्थानिक वाटाड्या, आणि प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा लहरींवरून सांगणारं यंत्र), फावडं, शोधकाठी. नुसती जवळ असून उपयोग नाही, पुरलेलं बीकन शोधून काढायचा सराव केलेला हवा.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक फेरीनंतर लगेच लिहा. खाली पोचून चहा घेतल्यावर सगळ्या जोड्या सारख्या आठवतात. पेन्सिल घ्या, थंडीत बॉलपेनची शाई गोठते. गुण देऊ नका. दहापैकी सात आणि दहापैकी आठ यांत काय फरक आहे ते आठवड्यानंतर तुम्हालाच सांगता येणार नाही. जे घडलं ते लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे : "दुपार २.१०, ढेकळं, चौथी फेरी. तीनदा मागे गेलो, तीनदाही थांबवता आली. डावा तळवा बधिर. टोक एकदा उजवीकडे फेकलं गेलं, आपोआप परत." हे वाचलं की आजही ती फेरी पायात येते.

आणि जोडी परत करताना स्वतःला एकच विचारा : उद्या बर्फ आजच्यापेक्षा वाईट असला तर हीच पायात हवी का? उत्तर द्यायला वेळ लागला तर ती जोडी नको.

बाइंडिंग बसवताना

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारं खटक्याचं साधन. स्की घेतल्यावर निम्मे लोक इथं चुकतात. बूट स्कीवर कुठं बसवायचा याची रेघ कंपनीने आखलेली असते. फ्रीराइड जोड्यांत ती बरोबर मध्यापासून बहुधा सहा ते दहा सेंटीमीटर मागे असते. चाचणीची जोडी सरकत्या बाइंडिंगची होती, तर बूट कुठल्या खुणेवर होता ते लिहून ठेवा, कारण तुम्हाला आवडली ती त्या जागेवरची स्की. एक सेंटीमीटर पुढे-मागे झाल्यावर स्वभाव बदलतो. शंका असेल तर कंपनीच्या रेघेवरच बसवा.

ब्रेकची, म्हणजे सुटलेल्या स्कीला अडवणाऱ्या बाइंडिंगच्या काट्यांची, रुंदी कमरेपेक्षा जास्त हवी, पण पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ९८ च्या स्कीला ११० चा ब्रेक चालतो. बुटाचा तळ ग्रिपवॉक प्रकारचा, म्हणजे चालायला सोपा व्हावा म्हणून थोडा गोलाकार केलेला, असेल तर बाइंडिंग तो तळ घेणारं आहे ना हे खात्रीने विचारा. पडल्यावर बूट बाइंडिंगमधून सुटण्याचा ताण वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून आयएसओ ११०८८ च्या तक्त्याने ठरतो. तो मित्राच्या आकड्यावरून लावू नका. वजन आणि कसब दोन्ही खरं सांगा. फार कमी लावला तर वळणात स्की सुटते, फार जास्त लावला तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघ्याचे बंध तुटतात. भोकं पाडण्याचं काम यंत्र असलेल्या दुकानातच करून घ्या. गावाकडच्या सुताराचा हात कितीही साफ असला तरी हे काम त्याच्याकडे द्यायचं नाही.

मराठवाड्याच्या उन्हात जोडी राखणं

ही जोडी वर्षातले साडेअकरा महिने आपल्याकडे राहणार, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. स्कीचे थर डिंकाने जोडलेले असतात आणि पत्र्याखालची उष्णता त्यांना मानवत नाही. जुन्या दगडी वाड्यातली आतली, थंड खोली सगळ्यांत उत्तम. नसेल तर घरातली उत्तरेची भिंत.

घरी आल्यावर कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. कडांना हलकं तेल किंवा मेण, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत त्या आठ दिवसांत तांबूस होतात. दोन्ही स्की पट्ट्याने करकचून एकमेकींना बांधू नका. वर्षभर दाबून राहिलेली कमान हळूहळू बसते. आडव्या, मोकळ्या ठेवा, तळ भिंतीकडे.

तळावर मेणाचा जाड थर द्या. इस्त्री जुनी चालते, पण वाफेची भोकं नसलेली घ्या, आणि आच इतकीच ठेवा की मेण वितळेल, धूर निघणार नाही. धूर निघाला की तळ जळतोय असं समजा. इस्त्री एका जागी थांबवू नका, टोकाकडून शेपटाकडे सरकत राहा. मेण कडांवरही उतरू द्या. हा थर खरवडायचा नाही, तसाच पावसाळाभर ठेवायचा. तो काढायचा डिसेंबरात, गाडीचं तिकीट हातात आल्यावर.